पॉलिडॅमसचा सल्ला : समूहाचा होकार आणि उत्तरदायित्वाचा प्रश्न

इलियडच्या अठराव्या सर्गात सूर्य मावळतो तो स्वतःच्या इच्छेविरुद्ध. हीरा त्याला वेळेआधीच समुद्राकडे धाडते, पॅट्रोक्लसच्या प्रेतासाठी चाललेले युद्ध थांबते आणि ट्रोजन सैन्य जेवणाचाही विचार न करता सभेसाठी गोळा होते. ही सभा उभ्यानेच भरते. बसण्याचे धैर्य कोणालाच होत नाही, कारण दीर्घकाळ रणापासून दूर राहिलेला अकिलीस खंदकाच्या काठावर नुकताच दिसलेला असतो. ह्या सभेत पॉलिडॅमस पहिल्यांदा बोलतो. पँथूसचा हा मुलगा आणि हेक्टर एकाच रात्री जन्मले. एकाचे सामर्थ्य शब्दांत, दुसऱ्याचे भाल्यात, असे कवी सांगून ठेवतो. पॉलिडॅमसचे म्हणणे सरळ आहे. अकिलीस रागावून बसला होता तोवर आपण शत्रूच्या जहाजांजवळ मुक्काम केला, त्यात मलाही आनंदच होता. आता परिस्थिती पालटली आहे. आज रात्रीच्या आडोशाने शहरात परतू, उद्या पहाटे तटांवरून लढू. हेक्टर हे धुडकावतो. सभा हेक्टरच्या बाजूने गर्जते. आणि येथे होमर सहसा करत नाही ते करतो : तो स्वतःच्या आवाजात निवाडा देतो. हे ट्रोजन मूर्ख होते, अथेनीने त्यांची बुद्धी हिरावून घेतली होती, वाईट सल्ला देणाऱ्याला सगळ्यांनी होकार दिला आणि चांगला सल्ला देणाऱ्याला कोणीच नाही, असा त्या निवाड्याचा आशय आहे.

ग्रीक पुराणकथांतून नेतृत्वाचे आणि सामूहिक निर्णयाचे 'धडे' काढण्याची प्रथा जुनी आहे, आणि अलीकडच्या काळात व्यवस्थापनविषयक लेखनाने तिला बरीच चालना दिली आहे. नेस्टर म्हणजे अनुभवी सल्लागार, ॲगमेम्नॉन म्हणजे अहंकारी प्रमुख, ओडिसियस म्हणजे प्रसंगावधान राखणारा नेता, अशी पात्रांची वाटणी करून टाकली की काम सोपे होते. परंतु ह्या वाटणीत एक गोष्ट निसटते. ह्या कथांना नेता चांगला की वाईट एवढाच प्रश्न पडलेला नाही. त्यांना सतावणारा प्रश्न असा की, निर्णय जेव्हा सर्वांच्या होकाराने होतो तेव्हा त्याचा नैतिक भार कोणावर असतो? होकार देताना माणसे समूह असतात. परिणाम भोगतानाही बहुधा समूहच असतात. मात्र दोष द्यायची वेळ आली की एकच नाव पुढे येते. होकार आणि उत्तरदायित्व ह्यांच्यातील ही फट होमरपासून युरिपिडीसपर्यंत पुन्हा पुन्हा उघडी पडते. ती बुजवण्याची घाई मात्र ह्या परंपरेतील श्रेष्ठ कवी करत नाहीत.

पॉलिडॅमसचा अठराव्या सर्गातील सल्ला सुटा वाचला तर तो दूरदृष्टीच्या माणसाचा एक प्रसंग वाटतो. परंतु त्याआधी तीनदा तो हेक्टरला सल्ला देऊन चुकला आहे. बाराव्या सर्गात खंदकापाशी रथ मागे ठेवून पायी चाल करू असे तो सुचवतो. हेक्टर ते लगेच मानतो. त्याच सर्गात पुढे सापाला घेऊन उडणाऱ्या गरुडाचा अपशकुन पाहून तो माघारीचा आग्रह धरतो. ह्या वेळी हेक्टर केवळ नकार देत नाही, तर इतरांना परावृत्त केलेस तर माझ्या भाल्याने तू मरशील अशी धमकी देतो. तेराव्या सर्गात मुख्य वीरांना एकत्र बोलावून विचार करू हा त्याचा सल्ला पुन्हा मानला जातो. म्हणजे हेक्टर हा कोणाचेच न ऐकणारा हट्टी सेनापती नव्हे. चारपैकी दोन सल्ले त्याने स्वीकारले आहेत. स्वीकारलेले सल्ले चढाई अधिक नीट कशी करावी ह्याविषयीचे आहेत, नाकारलेले दोन्ही सल्ले चढाई थांबवण्याविषयीचे आहेत. साधनांविषयी मतभेद चालतो, साध्याविषयी चालत नाही. ही सीमारेषा हेक्टर कधी उच्चारत नाही, पण ती पाळतो मात्र काटेकोरपणे. बाराव्या सर्गात पॉलिडॅमसने एक कडवट वाक्य आधीच बोलून ठेवलेले आहे : मी चांगले बोललो तरी सभेत तू मला फटकारतोसच, कारण सामान्य माणसाने तुझ्या विरोधात बोलावे हे तुला योग्य वाटत नाही. पँथूस ट्रॉयच्या वृद्ध सल्लागारांपैकी असतानाही त्याचा मुलगा स्वतःला ह्या वाक्यात सामान्यांमध्ये मोजतो. राजपुत्रासमोर बोलताना इतर सगळेच सामान्य ठरतात, असा ह्याचा अर्थ घेता येतो.

हेक्टरच्या बाजूने काहीच नाही असे मात्र नाही. तटांच्या आत कोंडून राहण्याला तो कंटाळला आहे. ट्रॉयची संपत्ती फ्रिजिया आणि मेओनिया ह्या प्रदेशांत विकली जाऊन संपत आली आहे, आणि वेढा लांबवणे परवडणारे नाही, हे त्याचे म्हणणे पोकळ म्हणता येत नाही. शिवाय झ्यूसने आपल्याला विजय दिला आहे असा त्याचा विश्वास आहे. परंतु अकराव्या सर्गात आयरिसने आणलेल्या त्या वचनाला एक मुदत होती : सूर्यास्तापर्यंत. आणि ही सभा भरली आहे ती सूर्यास्तानंतर. मुदत संपलेल्या हमीच्या आधारे हेक्टर उद्याचा बेत आखतो आणि कोणीही त्याला ती मुदत आठवून देत नाही. पॉलिडॅमसच्या मांडणीचे केंद्र हेच होते, की कालचे बरोबर असलेले आज बरोबर राहिलेले नाही. कालचे स्वतःचे मत तो त्यासाठी सोडून देतो. हेक्टरचे उत्तर ह्या केंद्राला स्पर्शच करत नाही. ते बोलणाऱ्याला गप्प करते आणि ऐकणाऱ्यांना उत्तेजित करते.

एम. आय. फिन्ली ह्यांनी 'द वर्ल्ड ऑफ ओडिसियस' (१९५४) ह्या ग्रंथात असे प्रतिपादन केले होते की होमरच्या सभांमध्ये खऱ्या अर्थाने विवेकी चर्चा होतच नाही; परिस्थिती आणि तिचे परिणाम ह्यांचा शिस्तबद्ध विचार तेथे आढळत नाही, आढळते ते शौर्याच्या मूल्यांना केलेले आवाहन. माल्कम स्कोफिल्ड ह्यांनी १९८६ मध्ये इलियडमधील 'यूबूलिया' म्हणजे सुविचारित सल्ला ह्या विषयावरील निबंधात ह्याला उत्तर दिले आणि चांगला सल्ला देणे ही होमरच्या जगात शौर्याइतकीच वीराची कसोटी आहे हे दाखवले. अठरावा सर्ग ह्या वादात दोघांच्याही उपयोगी पडतो, आणि म्हणूनच तो महत्त्वाचा. पॉलिडॅमसचे भाषण फिन्लींना खोडून काढते : तेथे परिस्थितीचा विचार आहे, पर्यायांची तुलना आहे. सभेचा प्रतिसाद मात्र फिन्लींच्या बाजूने साक्ष देतो. विवेकाचा अभाव वक्त्यांमध्ये नाही, तो संमतीच्या पद्धतीत आहे. ही सभा मते मोजत नाही, ती गर्जते. आणि गर्जनेत विरोधी स्वराची कोणतीही खूण उरत नाही. पॉलिडॅमसशी मनातून सहमत असलेले त्या रात्री किती होते, हे जाणण्याचा कोणताही मार्ग ह्या सभेने स्वतःजवळ ठेवलेला नाही.

अशा एकमताला अर्व्हिंग जॅनिस ह्यांनी रूढ केलेली 'ग्रुपथिंक' ही संज्ञा येथे लावण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. ती लावता येतेही. पण त्या संज्ञेचा रोख चुकीचा निर्णय कसा होतो हे समजावण्याकडे आहे. इलियडचा रोख त्यापुढचा आहे, आणि तो बाविसाव्या सर्गात स्पष्ट होतो.

तेथे हेक्टर स्कीअन दरवाजाबाहेर एकटा उभा आहे. उरलेले सैन्य आत पळाले आहे, तटावरून प्रायम आणि हेक्यूबा त्याला आत येण्यासाठी विनवत आहेत. त्याच्या स्वगतात पहिले नाव येते ते पॉलिडॅमसचे. आत गेलो तर पहिला ठपका तो ठेवील, कारण त्या घातक रात्री त्याने परतण्यास सांगितले होते आणि मी ऐकले नाही. ऐकले असते तर बरे झाले असते. त्यानंतर तो स्वतःच्या कृतीला एक शब्द वापरतो, 'अतास्थालिया' : बेफिकिरी, मर्यादा न ओळखणारा उन्माद. आपल्या अतास्थालियेमुळे आपण लोकांचा नाश केला, आता ट्रॉयच्या पुरुषांसमोर आणि स्त्रियांसमोर जाण्याची लाज वाटते. आपल्याहून हीन असा कोणी तरी म्हणेल की हेक्टरने स्वतःच्या बळावर विसंबून प्रजा गमावली.

ह्या स्वगतातील गाळलेली गोष्ट वाचकाच्या सहज लक्षात येत नाही. सभेची गर्जना त्यात नाही. अठराव्या सर्गात कवीने 'मूर्ख' म्हटले ते ट्रोजनांना, अनेकवचनात. बाविसाव्या सर्गात हेक्टर संपूर्ण निर्णय एकवचनात करून टाकतो. कवी आणि नायक ह्यांचे येथे एकमत नाही, आणि हा मतभेद कवीने मिटवलेला नाही. सर्व दोष स्वतःवर घेणारा नेता आपल्याला उदात्त वाटतो. पण इलियड हे औदार्य सहजासहजी मान्य करू देत नाही. कारण ह्या स्वगताचा परिणाम काय होतो? हेक्टर आत जात नाही. तो आत गेला असता तर शहर वाचण्याची शक्यता होती, निदान प्रायमला तसे वाटत होते. ज्या लोकांच्या नाशाचा ठपका त्याला असह्य होतो त्याच लोकांच्या रक्षणाचा एकमेव मार्ग तो त्या ठपक्याच्या भीतीने बंद करतो. उत्तरदायित्व घेणे आणि उत्तर देणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हेक्टर पहिली करतो आणि दुसरी टाळतो.

ॲरिस्टॉटलने 'निकोमॅकीय नीतिशास्त्रा'त ह्याच ओळीचा आधार घेतला आहे. नागरी धैर्य म्हणजे काय हे सांगताना तो पॉलिडॅमसच्या ठपक्याला भिणाऱ्या हेक्टरचे उदाहरण देतो : हे धैर्य लज्जेतून, मानाच्या इच्छेतून आणि निंदेच्या भयातून येते, म्हणून ते खऱ्या धैर्याच्या सर्वांत जवळचे, पण खरे धैर्य नव्हे. सिसेरो तर ॲटिकसला लिहिलेल्या पत्रात पॉलिडॅमसचे नाव जवळजवळ सांकेतिक शब्द म्हणून वापरतो. त्याचा पॉलिडॅमस म्हणजे केटो, ज्या एकट्याचे मत त्याला लाखांच्या मतासारखे होते. सिसेरोचे हे वाचन मार्मिक आहे. हेक्टरच्या मनात दोन निंदक आहेत : एक पॉलिडॅमस, ज्याला ठपका ठेवण्याचा अधिकार आहे, आणि दुसरा तो अनामिक हीन माणूस, ज्याला तो नाही. बर्नार्ड विल्यम्स ह्यांनी 'शेम अँड नेसेसिटी' (१९९३) मध्ये ग्रीक लज्जेचे समर्थन करताना असे दाखवले आहे की लज्जा म्हणजे लोक काय म्हणतील ह्याची भीती एवढेच नव्हे; जिच्या मताचा आपण आदर करतो अशी व्यक्ती आपल्या मनात वसलेली असते, तिची नजर म्हणजे लज्जा. हे खरे मानले तर हेक्टरची शोकांतिका अशी की तो सुरुवात पॉलिडॅमसच्या नजरेने करतो आणि काही ओळींतच अनामिकाच्या नजरेकडे घसरतो. पॉलिडॅमसला सामोरे जाणे म्हणजे आत जाऊन त्याचे ऐकणे. अनामिकाला सामोरे जायचेच नसते, त्याच्यापासून केवळ पळता येते. इलियडमध्ये पॉलिडॅमस ह्यानंतर बोलताना दिसत नाही; तो ठपका प्रत्यक्षात कधी ठेवला गेलाच नाही.

ट्रोजनांची ही असहायता त्या एका रात्रीपुरती नाही. सातव्या सर्गात अँटेनॉर सभेत उघडपणे मागणी करतो की हेलनला परत द्यावे. पॅरिस नकार देतो, प्रायम पॅरिसचे म्हणणे शत्रूला कळवतो, विषय संपतो. दूत इडेअस मात्र ग्रीकांसमोर निरोप सांगताना पुस्ती जोडतो की ट्रोजन लोकांची इच्छा हेलनला परत करावे अशीच आहे. म्हणजे संपूर्ण समाजाला जे हवे आहे ते समाजाच्या सभेत ठरत नाही, आणि ते ठरले नाही हे शत्रूला सांगितले जाते! तिसऱ्या सर्गात हेक्टरनेच पॅरिसला सुनावले होते की ट्रोजन भित्रे आहेत, नाही तर तुला त्यांनी केव्हाच दगडांचा अंगरखा चढवला असता. लोकांच्या भिडेखातर मुकाट्याचा त्याला तेव्हा राग आला होता. अठराव्या सर्गातील गर्जनेचा त्याला राग येत नाही.

ग्रीकांच्या छावणीत गोष्टी अधिक बऱ्या आहेत असे वाटते, ते अंशतःच खरे आहे. दुसऱ्या सर्गात थर्सायटीस ॲगमेम्नॉनच्या लोभाविषयी जे बोलतो ते पहिल्या सर्गात अकिलीस बोललेलाच आहे. एक ओळ तर जशीच्या तशी अकिलीसच्या तोंडची आहे. अकिलीस राजदंड जमिनीवर आपटतो, थर्सायटीस राजदंडाचाच मार पाठीवर खातो, आणि स्वतः दुःखी असलेले सैनिकही त्याला हसतात. सत्य तेच, बोलणारा वेगळा. फरक असा की ग्रीकांमध्ये नेस्टर आहे, आणि नेस्टरला संस्थेची जाण आहे. नवव्या सर्गात संकट ओढवल्यावर तो सभा विसर्जित करवतो, वडीलधाऱ्यांना तंबूत एकत्र आणतो आणि तेथे ॲगमेम्नॉनला त्याची चूक सांगतो. राजाने बोलावे तसे ऐकावेही, दुसऱ्याने सुचवलेले तडीला न्यावे, त्याचे श्रेय राजाकडेच राहील, अशी त्याची समजूत. गर्दीसमोर चूक मान्य करणे राजाला शक्य नसते हे ओळखून नेस्टर गर्दी बाजूला काढतो. हेक्टरला असा नेस्टर नव्हता. पुढे एकोणिसाव्या सर्गात ॲगमेम्नॉन जाहीरपणे म्हणतो की दोष माझा नाही, झ्यूस, नियती आणि एरिनीसने माझ्यावर भ्रम घातला. ई. आर. डॉड्स ह्यांनी 'द ग्रीक्स अँड द इर्रॅशनल' (१९५१) ह्या ग्रंथाचा आरंभच ह्या वाक्याच्या विवेचनाने केला, आणि ही पळवाट नव्हे हे दाखवले : देवांना कारण ठरवूनही ॲगमेम्नॉन भरपाई मात्र स्वतः देतो. कारण एकीकडे, देणे दुसरीकडे; ही व्यवस्था आधुनिक वाचकाला विचित्र वाटली तरी तिच्यात व्यवहार आहे.

आउलिसच्या कथेत ही फट सर्वांत भयंकर रूप घेते. ईस्किलसच्या ॲगमेम्नॉनपुढे दोन वाईट पर्याय आहेत : मुलीचा बळी देणे किंवा मित्रसंघाला सोडून देणे. मार्था नसबॉम ह्यांनी 'द फ्रॅजिलिटी ऑफ गुडनेस' (१९८६) मध्ये केलेले वाचन येथे निर्णायक ठरते : त्याचा दोष निवड करण्यात नसून निवडीनंतर ती उत्साहाने आपलीशी करण्यात आहे, आवश्यकतेचे जू एकदा मानेवर घेतले की तो शोक करणे थांबवतो. सुमारे अर्ध्या शतकानंतर, मृत्यूपश्चात इ. स. पू. ४०५ च्या सुमारास रंगभूमीवर आलेल्या 'आउलिसमधील इफिजेनिया' ह्या नाटकात युरिपिडीसने ह्या आवश्यकतेचा मुखवटा काढून टाकला. तेथे ॲगमेम्नॉन आपला निर्णय बदलतो, मेनेलेअसही बदलतो, आणि तरीही बळी अटळ राहतो, कारण आता दोघांनाही सैन्याची भीती आहे. इफिजेनियाच्या बाजूने उभ्या राहिलेल्या अकिलीसला त्याचेच मर्मिडॉन दगड मारायला उठतात. नेत्यांपैकी कोणालाच आता हा निर्णय नको आहे, सैन्यातील कोणी एक माणूस त्याचा कर्ता नाही, तरी तो अंमलात येतो. शेवटी तो 'माझा' म्हणून उच्चारण्याची पाळी येते ती इफिजेनियावर. ज्या निर्णयाला कोणी वाली नाही त्याला बळी जाणाऱ्या मुलीनेच वाली व्हावे, ह्याहून कठोर भाष्य युरिपिडीसने क्वचितच केले असेल.

गर्जनेऐवजी मोजणी आली की काय होते? व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस संग्रहालयात डूरिस ह्या चित्रकाराचा इ. स. पू. सुमारे ४९० चा एक तांबड्या आकृत्यांचा पेला आहे. त्याच्या एका बाजूस अकिलीसच्या शस्त्रांसाठी ॲजॅक्स आणि ओडिसियस एकमेकांवर तुटून पडताना दिसतात. दुसऱ्या बाजूस ग्रीक वीर अथेनीसमोर एका ओट्यावर खडे ठेवून मतदान करतात. खड्यांचे दोन ढीग आहेत. एका टोकाला ओडिसियस आनंदाने हात उंचावतो, दुसऱ्या टोकाला ॲजॅक्स तोंड फिरवून मस्तक झाकतो. मोजणीमुळे तलवारी म्यान झाल्या, हे खरे. पण ॲजॅक्सचा आत्मघात टळला नाही. पिंडार सांगतो की ती मते गुप्त होती आणि ओडिसियसला झुकते माप मिळाले. सॉफोक्लीसच्या नाटकात ट्यूसर मेनेलेअसवर मते फिरवल्याचा उघड आरोप करतो. मोजलेल्या मतांतही पराभूताला न्याय वाटेलच असे नाही. मात्र सॉफोक्लीसने ह्यावर जे उत्तर सुचवले ते मोजणीबाहेरचे आहे : ॲजॅक्सच्या प्रेताला मूठमाती मिळावी म्हणून जिंकलेला ओडिसियसच ॲगमेम्नॉनशी भांडतो.

इ. स. पू. ४५८ च्या 'युमेनिडीस' ह्या नाटकात ईस्किलसने ही गोष्ट तत्त्वाच्या पातळीवर नेली. ओरेस्टीसच्या खटल्यात मते समसमान पडतात. अथेनीचे मत त्या समतेत धरायचे की समतेनंतर, ह्यावर अभ्यासकांचा वाद अजून चालू आहे. पण येथे महत्त्वाचे आहे ते त्यानंतरचे. क्रुद्ध झालेल्या एरिनीसना अथेनी सांगते की तुम्ही हरलेला नाहीत, मते समान होती, ह्यात तुमची अप्रतिष्ठा नाही. आणि मग त्यांना शहराच्या पोटात स्थान देते. पॉलिडॅमसचा स्वर गर्जनेत बुडाला. एरिनीसचा स्वर निम्म्या खड्यांच्या रूपाने शिल्लक राहिला, आणि जो शिल्लक राहिला त्याच्याशी तडजोड करणे भाग पडले. विरोधी मत मोजण्याचे खरे मोल निकाल अचूक येण्यात नाही. निकालानंतरही ते मत तेथे होते हे नाकारता येऊ नये, ह्यात आहे.

ज्या प्रेक्षकांनी ही नाटके पाहिली ते स्वतः मतदार होते, आणि त्यांच्या इतिहासाने ह्या आशावादाला बरेच तडे दिले. इ. स. पू. ४१५ मध्ये सिसिलीवरील मोहिमेचा निर्णय हात उंचावून झाला. थ्युसिडिडीस लिहितो की बहुसंख्यांचा उत्साह एवढा होता की ज्यांना मोहीम पसंत नव्हती ते विरोधात हात उंचावल्यास आपण देशद्रोही ठरू ह्या भीतीने गप्प राहिले. मोजणीची सोय होती. मोजण्यासारखा विरोधच दिसेनासा झाला. इ. स. पू. ४१३ मध्ये सर्वनाशाची बातमी आली तेव्हा अथेन्सवासी मोहिमेचा पुरस्कार करणाऱ्या वक्त्यांवर संतापले, जणू आपण स्वतः मत दिलेच नव्हते, अशी थ्युसिडिडीसची नोंद आहे. पुन्हा इ. स. पू. ४०६ मध्ये आर्जिनूसीच्या विजयी सेनापतींना एकाच मताने, कायदा डावलून, मृत्युदंड दिला गेला. सॉक्रेटीसने त्या दिवशी विरोध केला, तो निष्फळ ठरला. सहा जणांना मारल्यानंतर अथेन्सला पश्चात्ताप झाला, आणि पश्चात्तापाचे पहिले फळ म्हणजे लोकांची फसवणूक करणाऱ्यांवर खटले भरण्याचा ठराव. फसवले गेलेले लोक हे ह्या भाषेत नेहमी निर्दोष असतात. हेक्टर सारा दोष आपल्याकडे ओढतो आणि अथेन्सचा जनसमूह सारा दोष दुसऱ्याकडे ढकलतो. दिशा उलट, परिणाम तोच, की होकार देणाऱ्यांचा हिशेब मांडलाच जात नाही.

तो हिशेब मांडण्याचा सर्वांत गंभीर प्रयत्न ओडिसीत आहे. ह्या संदर्भात शिडाला बांधून घेतलेल्या ओडिसियसचीच चर्चा अधिक होते. यॉन एल्स्टर ह्यांच्या 'युलिसिस अँड द सायरन्स' (१९७९) ह्या ग्रंथापासून तर तो आत्मनियमनाचा आदर्शच होऊन बसला आहे. पण त्या प्रसंगात खलाशांच्या कानांत मेण आहे. बहिऱ्या अनुयायांच्या जहाजावर सामूहिक निर्णयाचा प्रश्नच उद्भवत नाही. त्याच बाराव्या सर्गात ओडिसियस सायरनांविषयी सर्वांना माहिती देतो, कारण ती एकट्यादुकट्याने जाणणे योग्य नाही. आणि थोड्याच ओळींनंतर स्किलाविषयी मात्र मौन पाळतो, कारण खलाशी भीतीने वल्ही सोडून देतील. सूर्याच्या गाईंचा प्रसंग ह्याहून बोलका आहे. बेटावर उतरू नये असे ओडिसियस सांगतो, युरिलोकस विरोध करतो, सारे युरिलोकसला दुजोरा देतात. मी एकटा, तुम्ही मला भाग पाडता, असे म्हणून तो त्यांच्याकडून शपथ घेतो. उपासमारीत शपथ मोडते, आणि तेव्हाही दुजोरा सर्वांचाच असतो. काव्याच्या अगदी आरंभी कवीने ह्या खलाशांविषयी म्हटले आहे की ते स्वतःच्याच 'अतास्थालिये'मुळे मेले. हेक्टरने स्वतःसाठी वापरलेला तोच शब्द, येथे अनेकवचनी कर्त्यासाठी.

इथाकाच्या दुसऱ्या सर्गातील सभेत मेंटॉर जे म्हणतो ते ग्रीक काव्यात विरळाच सापडते. माझा राग पेनेलोपीच्या उद्धट याचकांवर नाही, तो तुम्हा इतरांवर आहे. तुम्ही संख्येने कितीतरी अधिक असून गप्प बसला आहात. दोष येथे प्रथमच कृतीकडून मौनाकडे सरकतो. मराठी वाचकाला ह्या ठिकाणी सभापर्वातील विदुराची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. निंद्य कर्माची निंदा सभेत होत नसेल तर पापाचा अर्धा भाग प्रमुखाकडे जातो, चतुर्थांश करणाऱ्याकडे आणि चतुर्थांश गप्प बसलेल्या सभासदांकडे, हा विदुराने सांगितलेला हिशेब अपूर्णांकांत आहे. त्या सभेत तो कोणी मनावर घेतला नाही, ही गोष्ट वेगळी. मेंटॉरजवळ असे अपूर्णांक नाहीत. धर्मशास्त्रापाशी वाटणीचे कोष्टक होते. होमरच्या जगात फक्त एक माणूस उठून दुसऱ्यांकडे बोट दाखवू शकत होता. दोन परंपरांतील हा फरक साम्यापेक्षा अधिक अभ्यासनीय आहे, कारण कोष्टक असल्यामुळे सभासदांचे मौन सुटले असे महाभारतही म्हणत नाही.

ओडिसीच्या शेवटच्या सर्गात तीच सभा पुन्हा भरते. याचक मारले गेले आहेत, आणि त्यांपैकी प्रमुखाचा बाप युपीथीस सूडाची हाक देतो. ह्या माणसाने जहाजे गमावली, माणसे गमावली आणि आता परतून उरलेल्या श्रेष्ठांनाही मारले, हा त्याचा ओडिसियसवरील आरोप तपशिलांपुरता खरा आहे. उत्तर देतो तो वृद्ध हॅलिथर्सीस : हे तुमच्याच भ्याडपणामुळे घडले, तुमच्या मुलांचा मूर्खपणा आवरा असे मी सांगितले, मेंटॉरने सांगितले, तुम्ही ऐकले नाही. शोकाकुल बापांच्या तोंडावर हे बोलणे निर्दय आहे, आणि कवी ते सौम्य करत नाही. निम्म्याहून अधिक लोक ओरडत उठतात आणि शस्त्रांकडे धावतात. उरलेले बसून राहतात. दुसऱ्या सर्गात ज्या बसून राहण्याला मेंटॉरने दोष दिला होता, तेच येथे हॅलिथर्सीसचे ऐकल्याची एकमेव खूण आहे. काही वेळातच लेअर्टीसचा भाला युपीथीसच्या शिरस्त्राणातून आरपार जातो. बसून राहिलेल्यांविषयी कवी पुढे काहीच सांगत नाही.